घरातल्या खाटेचे नियम

रुग्णालयातल्या खाटेला कायदा आहे, घरातल्या खाटेला नाही. महाराष्ट्रात १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा जागा आणि परिचारिका पाहतो. पण नाशिकच्या दवाखान्यातून पक्षाघाताचा रुग्ण गोदावरीकाठच्या सायखेड्याला घरी आला, की तीच लघवीची नळी आणि तीच नाकातून पोटात गेलेली नळी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर पडते. काळजीवाहक पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेली मावशी नेमकं काय शिकली आहे, हे पडताळायची सोय घरच्यांकडे नसते. डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलेल्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती. ते मंजूर झालं नाही, याची खंत वाटते. तरी नोंदणीपाशी थांबून भागणार नाही. कोणतं काम कुणी करायचं, त्याची नोंद कुठे ठेवायची आणि ती तपासायला कुणी यायचं, हे ठरलं तरच रुग्ण सुरक्षित राहतो.

याचा पुरावा गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्यासाठी गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्यापर्यंतची जबाबदारी त्यांच्यावर होती. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्या बायकांकडे पदवी नव्हती. कामाची आखलेली हद्द होती, भरायची नोंदवही होती आणि ती नियमाने तपासणारा डॉक्टर होता. पुढे २०११पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या, त्यामागे हाच अनुभव होता. बाळाची जोखीम काही आठवड्यांची असते, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची मात्र वर्षानुवर्षांची, म्हणून इथे काळजीवाहकाचा थकवाही धोक्यात धरावा लागतो. चोवीस तास ड्यूटी करणाऱ्या बाईची झोप हा माझ्या मते सुरक्षेचाच निकष आहे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा: नियम आले की दर वाढतील आणि खेड्यातल्या कुटुंबाला मावशी परवडणार नाही. पण दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवताना रुग्णाची पाठ उंच ठेवणं, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहील असं पाहणं, यांना पैसा नव्हे, शिकवणी लागते. खर्च आहे तो तपासणीचा, आणि तो सरकारने उचलावा. दुसरा आक्षेप असा, की ग्राहक न्यायालय आहेच. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये स्पष्ट केलं. पण पाठीला जखम चिघळल्यावर मिळणारी भरपाई ती जखम टाळत नाही. शिवाय नोंदच नसेल, तर न्यायालयात दाखवायचं काय?

निकष गावाप्रमाणे बदलायला हवेत, हे सायखेड्यात सहज पटतं. ऑगस्ट २०१९मध्ये गोदावरीचं पाणी सायखेडा-चांदोरीत शिरलं होतं. ज्या घरात ऑक्सिजनचं यंत्र चालतं, तिथे वीज गेल्यावर भरलेलं सिलिंडर हाताशी आहे का, आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याचा इशारा येताच रुग्णाला कोण, कुठे, कोणत्या गाडीतून हलवणार, हे जूनमध्येच रुग्णाच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं. उपकेंद्राच्या परिचारिकेने पावसाळ्याआधी ते घरी जाऊन तपासावं.