स्वधर्माचं माप

कीर्तन संपून आरती झाली, की मंडपाच्या कडेला दोन-चार पोरं घुटमळत असतात. पाया पडतात आणि हळूच विचारतात. कुणी तीन वर्षं पोलीस भरतीच्या मैदानावर घाम गाळतोय, कुणाला बापानं डी.एड. करायला लावलं आणि जागाच निघत नाहीत, कुणाला मृदंग शिकायचाय पण घरात उचल फेडायची आहे. शब्द निराळे, प्रश्न एकच: "महाराज, माझ्यासाठी नेमकं काय?" अर्जुनानं रथात बसून जे विचारलं, त्याच्या जवळपासचंच हे आहे. बीड जिल्ह्यातल्या पत्र्याच्या मंडपात ते विचारलं जातं म्हणून त्याचं वजन कमी होत नाही.

या प्रश्नाला मी ग्रंथातून उत्तर देत आलो आणि पुढेही देणार. पण मला त्या उत्तराचा एक भाग नीट उमगला तो टायरच्या दुकानात.

माझी गाडी स्विफ्ट. सप्ताहांच्या दिवसांत ती पाटोद्यापासून परळीपर्यंत सगळा जिल्हा पालथा घालते. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांनी गावरस्त्यांच्या कडा तुटतात. धारूरच्या बाजूला अशाच एका खड्ड्यात डावीकडच्या दोन्ही रिमांना मार बसला. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ करता येते, पण कडेला चीर गेली असेल तर तिचा भरवसा धरू नये. माझ्या एका रिमेला चीर होती. बदलणं भाग होतं.

बीडमध्ये जुन्या मालाच्या एका विक्रेत्यानं चार अलॉय रिमांचा जोड काढून दाखवला. 14 इंची, चार भोकांच्या, धुऊन पुसून लखलखीत. माझ्या रिमाही 14 इंची आणि चार भोकांच्याच. गाडीला लावून बघितल्या तर चाक हबवर सरकलं, नटही चार आटे फिरले. "बसतंय की, महाराज," विक्रेता म्हणाला. शेजारच्या टायरच्या दुकानातला पोरगा हातातलं काम टाकून आला. पंचवीस-सव्वीसचा असेल. आईबाप अजून दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिमेकडं जातात, हे मला नंतर कळलं. त्यानं एक रिम काढून पालथी केली आणि समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांवर पट्टी धरली. "अठ्ठ्याण्णव," म्हणाला. "तुमच्या गाडीला शंभर लागतंय. ह्या पालिओच्या हायेत. बसल्यावानी दिसंल, पण टिकायचं न्हाई."

हा दोन मिलिमीटरचा हिशेब मला त्यानं तिथंच उभं राहून समजावला आणि तो मी कीर्तनात कितीदा सांगितला असेल! भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाला त्यांच्या धंद्यात पीसीडी म्हणतात. स्विफ्टचा तो 100 मिलिमीटर, फियाट पालिओचा 98. म्हणजे प्रत्येक नट आपल्या जागेपासून फक्त एक मिलिमीटर सरकलेला. डोळ्यांना ते दिसत नाही. त्यात पालिओच्या रिमेचं मधलं भोक 58.1 मिलिमीटरचं आणि स्विफ्टचा हब 54.1चा, त्यामुळं चाक कुठं अडतही नाही, उलट सहज आत जातं. पण नटाचं निमुळतं तोंड भोकाच्या उतारावर सगळीकडून टेकायला हवं, ते एकाच बाजूनं टेकतं. गाडीचा भार खरं तर नटांवर नसतो. नटांनी रिम हबवर घट्ट दाबून धरायची आणि त्या दाबातल्या घर्षणानं भार पेलायचा, अशी ती रचना आहे. दाबच तिरका पडला की नट ढिले होत जातात, स्टड वाकतात. हे दुकानासमोर उभ्या गाडीत होत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात, उतारावर, घरची माणसं मागं बसलेली असताना होतं.

पाच भोकांची पोलोची रिम कुणी माझ्या गाडीला लावणार नाही. क्विडची तीन भोकांचीही नाही. त्या पहिल्या नजरेतच नको म्हणतात, त्यांच्यापासून धोका नाही. धोका आहे तो जवळजवळ बसणाऱ्या रिमेचा. आणि मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या पोरांचं दुःखही बहुतेक याच जातीचं असतं. जे सरळसरळ परकं, ते कुणी धरत नाही. जे शेजाऱ्याच्या पोराला शोभून दिसलं, जे आपल्यालाही चार आटे फिरलं, तेच आयुष्यभर गळ्यात पडतं.

गीतेनं हे सांगताना एक फार विचारपूर्वक गोष्ट केली आहे. तिसऱ्या अध्यायाच्या 35व्या श्लोकात आणि अठराव्याच्या 47व्यात पहिली ओळ अक्षरशः तीच आहे: आपला धर्म उणा असला तरी उत्तम पाळलेल्या परक्या धर्मापेक्षा तो बरा. उत्तरार्ध मात्र निरनिराळे आहेत. तिसऱ्या अध्यायात परक्या धर्माचं भय सांगितलंय. अठराव्यात कारण दिलंय, आणि ते कारण स्वभाव हे आहे. स्वभावानं नेमून दिलेलं कर्म करणाऱ्याला दोष लागत नाही. एका ग्रंथात तीच ओळ दोनदा येते ती विस्मरणानं नव्हे. पहिल्यांदा इशारा दिला, दुसऱ्यांदा माप कुठं लावायचं ते दाखवलं.

इथं माझ्यावर एक आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. स्वधर्म हा शब्द आपल्या गावांत कुलपासारखा वापरला गेला. तू सुताराचा, वाकस धर. तू तोडणीवाल्याचा, कोयता धर. वेद ऐकण्याचा अधिकार तुला नाही. तुकोबांनी अभंग लिहिले म्हणून त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, ही कथा महाराष्ट्रातलं प्रत्येक घर जाणतं. आणि ज्या रामेश्वरभटांचं नाव त्या विरोधाशी जोडलं जातं ते पुढं तुकोबांचेच झाले, हेही जाणतं. मी स्वतः सुताराच्या घरात जन्मलो. वीणा गळ्यात घातली तेव्हा गावातल्या दोन जाणत्यांनी, प्रेमानंच, मला स्वधर्माची आठवण करून दिली होती.

मी त्यांना उलटून बोललो नाही. पण त्यांनी जे मापलं ते माप नव्हतंच. त्यांनी मी कोणत्या दुकानातून आलो ते पाहिलं, भोकांच्या मधलं अंतर पाहिलं नाही. रिम कोणत्या कारखान्यात ओतली यावरून ती बसेल की नाही हे ठरत नसतं. स्विफ्ट सुझुकीची आणि आय-10 ह्युंदाईची, पण दोघींचा पीसीडी 100 आणि मधलं भोक 54.1. दोन घराणी, एक माप. नटाचे आटे मात्र निराळे, एकीचे 1.25चे तर दुसरीचे 1.5चे, म्हणून रिम घेतली तरी नट आपलेच ठेवावे लागतात. उलट एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत माप बदलू शकतं. जन्म हा पत्ता झाला, आणि पत्त्यावरून माप काढणाऱ्याला कोणत्याही गॅरेजात कुणी पान्हा धरू देणार नाही. धर्माच्या बाबतीत मात्र आपण शतकानुशतकं धरू दिला.

आमच्या वडिलांचं काम आठवतं. बैलगाडीचं चाक जुळवून झालं की लोहार धाव करायचा. तो चाकाच्या घेराला दोरी लावायचा, पट्टीवर उतरवायचा आणि धाव मुद्दाम घेरापेक्षा थोडी लहान ठेवायचा. किती लहान, ते लाकूड आणि सांधे बघून ठरे. मग गोवऱ्यांचा गोल जाळ. लाल झालेली धाव फुगून मोठी व्हायची, चारजण ती पकडींनी उचलून चाकावर टाकायचे आणि लगोलग पाणी. लाकूड करकरायचं, वाफेत वडील दिसेनासे व्हायचे, आणि धाव आवळत आवळत तुंब्यापर्यंतचे सगळे आरे आपापल्या जागी दाबून बसवायची. ती दुसऱ्या कुठल्या चाकाला चालत नसे. तेव्हा जुळणं म्हणजे सहज सरकून जाणं नव्हे, हे मी लहानपणीच पाहिलं होतं. पालिओची रिम सहज सरकली होती. स्वधर्म सोपा असतो असं जे सांगतात त्यांनी धाव चढताना पाहिलेली नसावी.

आता अंबाजोगाईकडं वळतो, कारण ते गाव आमच्या जिल्ह्यात आहे याचा मला सतत आधार वाटतो. मुकुंदराजांची समाधी तिथं आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' परंपरेनं शके 1110चा, म्हणजे 1188चा, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा मानतात. संस्कृतात बंद असलेलं वेदांताचं शास्त्र त्यांनी मराठीत आणलं. ज्यांना अधिकार नाही असं सांगितलं गेलं होतं त्यांच्या हातात पट्टी दिली, असं मी त्या कामाकडं बघतो. पुढं त्याच गावात दासोपंत झाले, 1551 ते 1615. त्यांची पासोडी अंबाजोगाईत जपून ठेवली आहे: सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर लिहिलेलं पंचीकरण.

पंचीकरण हा विषय रुक्ष समजून पुष्कळ कीर्तनकार बाजूला ठेवतात. मला तो या प्रश्नाचा गाभा वाटतो. सूक्ष्म भूतं पाच: आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी. त्यांच्यातून स्थूल जग घडताना प्रत्येकाचे दोन अर्धे होतात. एक अर्धा ते भूत स्वतःजवळ ठेवतं. दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करून इतर चौघांना देतं, आणि त्या चौघांकडून तसाच एकेक आठवा हिस्सा घेतं. म्हणजे आपण जिला पृथ्वी म्हणतो तीही निम्मीच पृथ्वी आहे. उरलेल्या निम्म्यात चौघं सारख्या वाट्यानं बसलेले आहेत. तरी ती पृथ्वीच, कारण तिचा अर्धा तिनं सोडला नाही.

ज्यांना स्वधर्म म्हणजे बाहेरचं काहीही न शिरू देणं वाटतं, त्यांनी हा हिशेब मांडून बघावा. शुद्ध, एकट्या तत्त्वाचं जगच बनत नाही. आणि ज्यांना वाटतं की माणूस काहीही होऊ शकतो, त्यांनीही मांडावा, कारण अर्धा सुटला तर पृथ्वी राहत नाही. माझ्यात सुतारकी आहे. ती मी टाकलेली नाही. ओवीचे सांधे बघताना आजही वडिलांचा डोळा माझ्या कामी येतो. पण माझा अर्धा नामाचा आहे, आणि तो मला कुणी जन्मपत्रिकेतून काढून दिला नाही.

टायरवाल्या पोरानं आणखी एक गोष्ट दाखवली. त्याच्याकडं 15 इंची लोखंडी रिमांचा जोड होता, पीसीडी 100, मधलं भोक बरोबर. मी म्हटलं, "अरे, माझी तर 14ची." तो म्हणाला, टायर बदलला की जमतं. माझ्या 14 इंची रिमेवर 165/80चा टायर होता. 15 इंचीवर 185/65चा घालायचा. मी कागदावर मांडून पाहिलं. पहिल्याचा बाहेरचा व्यास 619.6 मिलिमीटर, दुसऱ्याचा 621.5. रिम इंचभर वाढली तरी रबराची उंची उतरते, आणि रस्त्याला टेकणारं वर्तुळ जवळपास तेच राहतं. स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, चाक मडगार्डला घासत नाही. मग रिमेवर उमटवलेला ऑफसेटचा आकडा त्यानं जुन्या रिमेशी ताडून बघितला. तो चुकला तर चाक एकतर बाहेर निघतं आणि बेअरिंगवर जादा ताण येतो, नाहीतर आत जाऊन सस्पेन्शनला घासतं. म्हणजे माप एकच नसतं. काही मापांत सूट आहे, एक वाढवून दुसरं उतरवता येतं. भोकांच्या वर्तुळात मात्र सूट नाही.

माणसाच्या बाबतीतही मला असंच दिसतं. पगार, गाव, शिक्षण, पोशाख, देवाचं नाव, यांत पुष्कळ तडजोड चालते. विठ्ठल म्हणा की वैजनाथ. परळीचा भक्त पंढरीला जाऊन परका होत नाही. पण ज्या चार ठिकाणी माणूस जगाला जोडलेला असतो, त्याचं मन ज्या कामात आपोआप स्थिर होतं, जे खोटं त्याच्यानं बोलवत नाही, ज्याचं दुःख त्याला झोपू देत नाही, ज्याच्यापुढं त्याचा अहंकार खरोखर वाकतो, ती ठिकाणं हलवून चालत नाही. ती बाहेरून दिसत नाहीत. चाक उतरवून, पालथं करूनच बघावी लागतात. साधना म्हणतात ती बव्हंशी हीच.

मग मापायचं कुणी? गुरूनं, असं शास्त्र म्हणतं, आणि मी ते मानतो. पण त्या पोरानं माप सांगितल्यावर पट्टी माझ्या हातात दिली होती: "तुम्हीबी बघा, महाराज." जो गुरू पट्टी स्वतःच्या पिशवीत ठेवून नुसता आकडा सांगतो, त्याच्या आकड्याची खात्री शिष्यानं कशी करायची? मुकुंदराजांनी मराठीत लिहिलं ते याचसाठी, असं माझं मत आहे.

यंदाच्या सप्ताहात वडवणीकडच्या एका गावात एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीला आयटीआयला डिझेल मेकॅनिकला जायचं होतं. आईचं म्हणणं, मुलीच्या जातीला हे शोभतं का ते तुम्ही सांगा, तुमचं ती ऐकेल. मी मुलीला विचारलं, इंजिन कधी उघडं बघितलंस का. तिनं मामाच्या ट्रॅक्टरचं सांगायला सुरुवात केली: फिल्टर कुठं असतो, हवा धरली की डिझेल का चढत नाही, ती कशी काढायची. आई मध्ये काही बोलणार होती, मी हातानं थांबवलं. मुलगी बोलत राहिली. मग मी आईला म्हणालो, फॉर्मची शेवटची तारीख बघून घ्या.