हाकेचं नाव

आमच्या प्रोजेक्टवर एक स्पॅनिश बाई आली आहे, असं मी पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तिने मला दुरुस्त केलं. "पासपोर्टवर स्पॅनिश, पण मी गॅलिसियाची." मी आपली हुशारी दाखवत पोलंड-युक्रेनचा विषय काढला. तो गॅलिशिया वेगळा! हिचा गॅलिसिया स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्तुगालच्या डोक्यावर, अटलांटिकच्या काठाशी. तिथली गॅलिशियन भाषा पोर्तुगीजची सख्खी बहीण.

त्या दिवसांत तिच्या भाचीला बाळ व्हायचं होतं आणि घरात नावावरून रणधुमाळी चालली होती. रोज जेवणाच्या सुट्टीत नवी नावं कळत. आपल्याकडे बारशाआधी चालतं तसंच सगळं, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. 'इआगो' म्हणजे आपला याकोब. सान्त आणि इआगो जोडून सान्तिआगो झालं, म्हणजे राजधानीचंच नाव. (इंग्रजी शाळेत शिकलेल्याला मात्र 'इआगो' म्हटलं की ऑथेल्लोमधला खलनायक आठवतो, त्याला इलाज नाही.) 'शोआन' म्हणजे स्पॅनिशमधला हुआन आणि गोव्यातला जुआंव. 'सबेला' म्हणजे इसाबेल. 'लूआ' म्हणजे चंद्र, 'कोम्बा' म्हणजे पारवा. 'इरिआ' हे नाव पाद्रोनजवळच्या इरिआ फ्लाविआ या जुन्या गावाच्या नावाशी जोडलेलं. 'ब्राइस'चा लॅटिन अर्थ चक्क बोबडा, तरीही मुलांना आवडीने ठेवतात.

पण मला सगळ्यात आवडलं ते 'उशीआ'. मूळ ग्रीक एउगेनिआ, म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. भाषेचे अभ्यासक सांगतात की ग्रीकमधलं 'एउ' आणि संस्कृतमधलं 'सु' एकाच मुळातून आलेत, आणि 'गेन' आणि 'जन्' हेही एकाच मुळाचे. म्हणजे उशीआ ही आपली सुजाताच की! हे सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली की त्या दिवशीची कॉफी तिने पाजली.

मग एकदा सहज विचारलं, तुझं नाव मात्र अगदी स्पॅनिश वळणाचं कसं? त्यावर तिने जे सांगितलं त्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

१९३८ च्या मे महिन्यात, यादवी युद्ध चालू असताना, फ्रँकोच्या सरकारने हुकूम काढला की स्पॅनिश नागरिकांची नावं नोंदवहीत कॅस्टिलियन भाषेतच लिहायची. १९५७ च्या कायद्याने ते पक्कं केलं. बास्क, कॅटलान, गॅलिशियन नावांना दार बंद. गंमत म्हणजे फ्रँको स्वतः गॅलिसियातला, फेरोल गावचा. १९७५ साली तो वारला आणि १९७७ च्या जानेवारीत कायदा बदलला. माझी सहकारी त्याआधी जन्मलेली. त्यामुळे कागदावर तिचं एक नाव आणि आजीच्या स्वयंपाकघरात दुसरं. शाळेत कॅस्टिलियन नावाने हजेरी द्यायची आणि घरी आल्यावर दप्तराबरोबर ते नावही कोपऱ्यात टाकायचं. ती म्हणाली, खरं तर हुकुमाची फार गरजही नव्हती. त्याआधी कित्येक पिढ्या पाद्री आणि कारकून मुकाट्याने कॅस्टिलियनच लिहीत आले होते आणि कोणी तक्रार करत नव्हतं. शेतकऱ्याची भाषा कागदावर कशाला, असं लोकांना स्वतःलाच वाटायचं.

मी तावातावाने बोलू लागलो. माणसाचं नाव हिरावून घेणं ही केवढी हिंसा, वगैरे. परदेशात वीस वर्षं राहिलं की अशी वाक्यं जिभेवर तयार असतात. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे लग्नानंतर बायकांचं पहिलं नावसुद्धा बदलतात असं ऐकलंय. तुझ्या आईचं आधीचं नाव काय होतं?"

मंडळी, मला उत्तर देता आलं, पण लगेच नाही. आणि ते मला माहीत होतं तेही फक्त कागदपत्रांमुळे. बाबा गेल्यावर आईला इकडे आणायचं ठरलं तेव्हा तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. त्यावर एका अनोळखी मुलीचं नाव होतं. मग 'ही आणि ती एकच व्यक्ती आहे' असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तेव्हा मला तो निव्वळ कागदांचा ताप वाटला होता.

(दोघींची नावं इथे देत नाही. नावांवरच्या लेखात हे विचित्र आहे खरं, पण दोघींनी तसं बजावलंय.)

जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८४३ साली लिहिलं की विशेषनामाला अर्थ नसतो, ती नुसती खूण असते. डार्ट नदीच्या मुखाशी म्हणून डार्टमथ. उद्या नदीने पात्र बदललं तरी गावाचं नाव डार्टमथच राहील. आम्हा डेटाबेसवाल्यांना हे फार पटतं. प्रत्येक नोंदीला आम्ही एक निरर्थक क्रमांक देतो आणि अर्थ त्यात घालू नका असं नवशिक्यांना शिकवतो. क्रमांक बदलला तरी माणूस तोच. मग आईचं नाव ताम्हनातल्या तांदळात अंगठीने पुन्हा लिहिलं तर बिघडलं काय?

असा युक्तिवाद मी स्वतःशी करून पाहिला. तो टिकला नाही. क्रमांकाला कोणी हाक मारत नाही. नाव बदलणं नेहमी वाईट, असंही म्हणता येत नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुसा' नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली, त्यातल्या अनेकींनी नवं नाव स्वतः निवडलं. ते कोणाला अन्याय वाटलं नाही, उलट फेडीसारखं वाटलं. स्पेनमध्येही १९९९ च्या कायद्याने नागरिकाला आपलं नाव आपल्या भाषेतल्या रूपात बदलून घेण्याची सोय झाली, पण त्याने स्वतः मागितलं तरच. मला वाटतं सगळा फरक या मागण्यात आहे. आईला तांदळाआधी कोणी विचारलं नव्हतं. बाबा अतिशय सज्जन माणूस, त्यांनाही विचारावंसं सुचलं नाही. आणि मी? माझ्या मुलाचं नाव आम्ही अमेरिकन बाईंना उच्चारता येईल असं दोन अक्षरी शोधलं. तिथे तर कोणाचा हुकूमही नव्हता. गॅलिसियातले ते मुकाटे कारकून मला परके वाटत नाहीत.

भाचीला मुलगी झाली, नाव लूआ ठेवलं. माझ्या सहकारीने मात्र स्वतःचं नाव अजून बदललेलं नाही. कारण विचारलं तर म्हणाली, आजी गेली, आता त्या नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नाही. नोंदवहीत घालून काय करू?

त्या रविवारी पुण्याला फोन केला तेव्हा आईला विचारलं, तुला जुनं नाव परत हवंसं वाटतं का? ती हसली. मग म्हणाली, माहेरची माणसं त्याच नावाने हाक मारायची. आता मामाही गेला. थोडं थांबून तिने विचारलं, "पण तू हे का विचारतोयस? फॉर्ममध्ये काही राहिलंय का?"

राहिलं होतंच. 'वापरलेली इतर नावे' असा एक रकाना असतो. मी तिला स्पेलिंग विचारलं. तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं, मला परत वाचायला लावलं, आणि म्हणाली, "आणि बाळा, ते 'इतर' नाही. ते पहिलं."

रकान्याचं नाव बदलायची सोय फॉर्ममध्ये नव्हती. तो तसाच गेला.