माल परत नेणाऱ्याचे कर्तव्य



काही दिवसांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात एक तरुण फळीवरचे डबे काढून खोक्यात भरत होता. हातात यादी, तिच्यावर बॅच नंबर. मी विचारले, "हे डबे खराब आहेत का?" तो म्हणाला, "मला ठाऊक नाही. मी कंपनीचा नोकर नाही आणि दुकानाचाही नाही. यादीतले नंबर काढायचे, कागदावर सही घ्यायची, दुकानामागे ठरलेले पैसे मिळतात."

त्याचे उत्तर खरे होते, तरी ते मनातून जाईना. त्या डब्यांत अपायकारक काही असले आणि एखादा डबा मागे राहिला, तर दोष कोणाचा? बनविणाऱ्याचा, विकणाऱ्याचा, की या कंत्राटी मुलाचा?

आपल्या वाडवडिलांना कोकणात शनिवार तेली म्हणत, हे सांगायला नको. आपल्या घाण्याचे तेल कोणाकोणाच्या घरी गेले ते तेल्याला ठाऊक असे. तेल बिघडले तर त्या घरांचे उंबरठे त्यालाच चढावे लागत. आज बनविणारा एक, वाहणारा दुसरा, विकणारा तिसरा आणि परत नेणारा चौथा. या चौघांत जबाबदारी कोठे राहते? जपानने या प्रश्नाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजली आहे, म्हणून तेथील दोन उदाहरणे देतो.

नागोयाची पालोमा कंपनी गॅसवर पाणी तापविण्याची यंत्रे बनविते. १९८५ ते २००५ या काळात तिच्या काही यंत्रांमुळे कार्बन मोनॉक्साइडची बाधा होऊन २८ अपघात झाले आणि २१ माणसे मरण पावली. धूर बाहेर टाकणारा पंखा बंद पडला की यंत्र आपोआप थांबावे, अशी त्यात सोय होती. परंतु तो भागच बिघडे आणि यंत्र चालेनासे होई. मग दुरुस्तीला आलेला कारागीर तारा अशा जोडी, की पंखा बंद असला तरी पाणी तापावे. गिऱ्हाईक खूश, कारागीर मोकळा. कंपनीच्या नावाची पाटी लावून दुरुस्तीचा स्वतंत्र धंदा करणारेही यांत होते. जुलै २००६ मध्ये प्रकरण उघडकीस आले तेव्हा कंपनीने प्रथम बाहेरच्या कारागिरांकडेच बोट दाखविले. पुढे २००५ साली टोकियोत झालेल्या एका १८ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा खटला चालला. मे २०१० मध्ये न्यायालयाने कंपनीच्या माजी अध्यक्षाला दोषी ठरविले. शिक्षा मात्र तहकूब ठेवली. धोक्याची कल्पना असताना यंत्रे तपासून परत घेणे हे तुमचे काम होते, असा त्या निकालाचा आशय.

दुसरे उदाहरण मात्सुशिता कंपनीचे. आज तिला पॅनासोनिक म्हणतात. १९८५ ते १९९२ या काळात बनविलेल्या तिच्या रॉकेलच्या शेगड्यांतील रबराची नळी तडकून विषारी वायू खोलीत येई. २००५ च्या जानेवारीत फुकुशिमा प्रांतात एक मुलगा दगावला. शेगड्या शोधून नळी बदलण्याचे काम सुरू झाले. परंतु डिसेंबरात यामागाता प्रांतात, दुरुस्त झालेल्या शेगडीचीच नवी नळी निसटून एक माणूस बेशुद्ध पडला. कागदोपत्री ती शेगडी निर्धोक होती! मग कंपनीने दूरदर्शनवरील आपल्या जाहिराती बंद करून त्या जागी केवळ इशारा दिला, देशभर सुमारे ६ कोटी पत्त्यांवर पत्रे धाडली आणि शेगडीमागे ५० हजार येन देऊन त्या परत घेतल्या. तिची पाटी लावणारे गल्लोगल्लीचे स्वतंत्र दुकानदारही शोधाला लागले.

या अपघातांनंतर जपानने कायदा सुधारला. मे २००७ पासून गंभीर अपघात कळताच बनविणाऱ्याने १० दिवसांत सरकारला कळवावे, असे बंधन आले. विकणारे, दुरुस्त करणारे आणि बसविणारे यांनीही अपघात कळल्यास बनविणाऱ्याला कळविण्याचा प्रयत्न करावा, आणि विक्रेत्यांनी माल परत घेण्याच्या कामी साह्य करावे, असे त्यात आले.

आपल्या हाखामांनी हा विचार फार पूर्वी केला आहे. माणसाचा प्रतिनिधी हा त्या माणसासारखाच, असा एक नियम. म्हणून मालकाला कंत्राटाआड लपता येत नाही. परंतु पापकर्मात प्रतिनिधित्व नाही, असा दुसराही नियम आहे. म्हणून करणाऱ्यालाही 'मला सांगितले होते' म्हणून सुटता येत नाही. दोन्ही एकत्र वाचावेत. जबाबदारी ही भाकरी नव्हे, की दोघांत वाटली म्हणजे अर्धी-अर्धी व्हावी. ती दोघांकडेही सबंध असते.

कोणी म्हणेल, तुटपुंज्या मजुरीवर राबणाऱ्या मुलावर हे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. दुकानामागे पैसे ठरविणारा घाईच विकत घेतो. आणि घाईत मागची फळी पाहिली जात नाही. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, अशी तोराची आज्ञा आहे. जपानात १ नोव्हेंबर २०२४ पासून एकट्याने कंत्राट घेणाऱ्यांसाठी कायदा लागू झाला आहे. काम हाती पडल्यापासून ६० दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. सूर्यास्त कोठे आणि ६० दिवस कोठे! ज्याला काम नीट हवे त्याने नीट पाहण्याच्या वेळेचेही दाम मोजावे. दोष ठरविताना कोणाला किती ठाऊक होते आणि कोणाच्या हाती किती होते, हे पाहावेच लागेल. परंतु धोका दिसल्यावर तो सांगणे, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर 'पाहिली' म्हणून सही न करणे, एवढे कर्तव्य मजुरीच्या दरावर अवलंबून नाही. ती सही म्हणजे साक्ष आहे. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा काही फक्त न्यायालयापुरती नाही.

त्या तरुणाची एक गोष्ट सांगायची राहिली. खोके बांधून झाल्यावर तो दुकानदाराला म्हणाला, "मागच्या खोलीत काही पडले आहे का?" दुकानदार कुरकुरत आत गेला आणि दोन डबे घेऊन आला. मुलाने नंबर ताडून पाहिले, खोके पुन्हा सोडले आणि ते दोन्ही डबे आत ठेवले. त्यांचे वेगळे पैसे त्याला मिळणार नव्हते.