संपूर्ण वाटेचा हिशेब

डहाणूच्या औष्णिक विद्युतकेंद्रातून निघालेल्या वाहिन्या सत्तर किलोमीटरांहून अधिक मुलूख तोडून, वसईची खाडी ओलांडून घोडबंदरच्या उपकेंद्रात येतात तेव्हा त्यांच्यावरचा विद्युतदाब २२० किलोव्होल्ट असतो; तेथे तो ३३ किलोव्होल्टांवर उतरवतात, पुढे ११ किलोव्होल्टांवर, आणि मीरा-भाईंदरच्या एखाद्या घरातल्या प्लगपाशी पोहोचेपर्यंत तो २३० व्होल्ट एवढाच उरतो. ज्याला अखेरीस २३० वर यायचेच आहे त्याला आधी हजारपटीच्या घरात चढवून मग पायरीपायरीने खाली आणण्याची ही यातायात कशासाठी, असे खाडीकाठच्या एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर त्याचे उत्तर दाब, धारा आणि रोध या तीन राशींच्या परस्परसंबंधात आहे, आणि तो संबंध शालेय पुस्तकात एका ओळीत मावतो. ती ओळ पाठ करायला काही क्षण पुरतात. ती सुचायला मात्र युरोपातल्या अत्यंत बुद्धिमान माणसांना पाव शतक लागले, आणि तिचा खरा अर्थ उलगडायला जवळजवळ आणखी तेवढेच. हा विलंब का झाला, याचा विचार मला त्या सूत्राहूनही महत्त्वाचा वाटतो; कारण ज्या समजुतीने त्या विद्वानांना अडवून धरले तीच आजही आपल्या मनात ठाण मांडून आहे. वीज ही उगमातून सुटणारी एक वस्तू आहे आणि ती किती सुटावी हे एकटा उगमच ठरवतो, ही ती समजूत.

१८०० सालच्या मार्च महिन्यात आलेस्सान्द्रो व्होल्टा याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपल्या नव्या उपकरणाची हकीकत कळवली. दोन भिन्न धातूंच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी ती एकावर एक रचलेली चळत होती. तोपर्यंत विजेची ओळख होती ती ठिणगीच्या रूपाने, क्षणात चमकून संपणारी. व्होल्टाच्या चळतीने प्रथमच अखंड वाहणारी वीज माणसाच्या हाती दिली. पण हाती आलेले काय आहे, हे समजले असे मात्र झाले नाही. चळतीची टोके मोकळी असताना विद्युतदर्शीची पाने फाकत; ती टोके तारेने जोडली की पाने मिटत आणि तार तापू लागे. १८२० साली ओर्स्टेडने अशा तारेखाली होकायंत्राची सुई वळताना पाहिली, आणि त्याच वर्षी अँपिअरने, ज्याची प्रतिभा या शास्त्राला दीर्घकाळ पुरली, ताण आणि प्रवाह या दोन अवस्था एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या केल्या. तो भेद मोलाचा होता. परंतु त्याच्या पोटात एक गैरसमज दडलेला होता. मंडल तुटलेले असेल तेव्हा ताण असतो, ते पूर्ण झाले की प्रवाह असतो, आणि प्रवाह सुरू होताच ताण मावळतो, असे अँपिअरने मानले. म्हणजे ज्या दोन राशींचे नाते शोधायचे त्या एकाच वेळी नांदतच नाहीत, असा निवाडा आधीच होऊन बसला होता.

येथे घोडबंदरच्या खाडीकडेच पाहावे. भरतीला पाणी आत ठाण्याच्या दिशेने चढते, ओहोटीला वसईकडे परतते, आणि भरतीच्या माथ्यावर काही काळ ते उंचीवर असूनही निश्चल राहते. पाण्याला चालना देते ती त्याची उंची नव्हे, दोन बाजूंच्या पातळ्यांतली तफावत. आणि ती तफावत पाणी वाहत असताना नाहीशी होत नाही, वाटेवर वाटून जाते. पात्र जेथे अरुंद आणि गाळाने भरलेले, तेथे पातळीचा उतार अधिक. जेथे रुंद, तेथे कमी. ११ हजार व्होल्टांच्या तारेवर कावळा निर्धास्त बसतो तोही याच न्यायाने, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच पातळीवर असतात. अँपिअरला न दिसलेली गोष्ट हीच होती, की प्रवाह चालू असतानाही दाब मंडलाच्या सर्व वाटेवर पसरलेला असतो आणि प्रत्येक तुकडा आपल्या रोधाच्या प्रमाणात त्याचा वाटा घेतो.

ती दिसली गेओर्ग ओहम याला, आणि हा माणूस कोणत्याही विख्यात विद्यापीठाचा अध्यापक नव्हता. कोलोनच्या एका माध्यमिक शाळेत तो गणित आणि भौतिकी शिकवत असे. वडील कुलूपकार असल्यामुळे हत्यारे आणि धातुकाम त्याच्या परिचयाचे होते, आणि प्रयोगाची साधने तो स्वतः घडवी. त्याच्या मार्गातली मुख्य अडचण बुद्धीची नव्हती, उगमाची होती: व्होल्टाची चळत प्रवाह देऊ लागली की स्वतःच क्षीण होत जाई, आणि त्या ढळत्या उगमावर केलेली मापे विश्वासार्ह ठरत नसत. १८२५ साली त्याने जे सूत्र प्रसिद्ध केले ते या कारणाने चुकलेले होते. तेव्हा ‘आनालेन’ या नियतकालिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनी त्याला चळत सोडून झेबेकने १८२१ साली शोधलेला उष्णताजन्य विद्युत्‌युग्माचा मार्ग धरण्याचा सल्ला दिला. बिस्मथ आणि तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात ठेवला की तापमानांतील अंतर ढळत नाही, आणि म्हणून दाबही ढळत नाही. संपादकाने लेखकाला दिलेल्या सल्ल्याचा एवढा थोर परिणाम शास्त्राच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

या स्थिर उगमाला निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून धारा मोजताना ओहमला १८२६ साली जो नियम सापडला त्याचे मूळ रूप आजच्या पाठ्यपुस्तकातल्या रूपाहून अधिक बोलके आहे, असे माझे मत आहे. त्याने लिहिले ते असे, की धारा म्हणजे एक स्थिर राशी भागिले दोन पदांची बेरीज. त्यातले एक पद म्हणजे आपण जोडलेल्या तारेची लांबी, आणि दुसरे म्हणजे उरलेल्या मंडलाचा, उगमाच्या अंतर्भागासकट, रोध. या दुसऱ्या पदात सारा क्रांतिकारक विचार साठवलेला आहे. उगमही वाटेचाच भाग आहे. तो वाटेबाहेर उभा राहून हुकूम सोडणारा मालक नव्हे. टॉर्चचे आठ सेल ओळीने जोडले तर बारा व्होल्ट होतात, मोटारीच्या बॅटरीचेही बाराच. तरी त्या सेलांनी मोटार सुरू होत नाही, कारण स्टार्टरला लागणारी शेकडो अँपिअरची धारा त्यांच्या स्वतःच्या आतल्या रोधातच अडते. धारा ही संपूर्ण वाटेने मिळून दिलेला निकाल असतो.

१८२७ साली बर्लिनमध्ये ओहमचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाच वर्षांपूर्वी फूरिएने उष्णतेच्या वहनाचे जे गणित मांडले होते त्याच्या धर्तीवर त्याने विजेच्या वहनाचे गणित उभारले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडपणे झाले. ओहमने नोकरी सोडली आणि कित्येक वर्षे उपेक्षेत काढली. १८४१ साली रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले, तेव्हा कोठे त्याच्या देशबांधवांचे डोळे उघडले. मात्र त्याचा नियम अचूक असला तरी त्यामागचे त्याचे चित्र अचूक नव्हते. दाब म्हणजे तारेच्या अंतर्भागात साचलेल्या विजेची घनता, असे तो समजत होता. स्थिर विजेच्या शास्त्रातला विभव आणि ओहमच्या तारेतला दाब या एकच गोष्टी आहेत, हे १८४९ साली किर्चहॉफने दाखवले. नियम आधी आणि त्याचा अर्थ मागाहून, हा क्रम शास्त्राच्या इतिहासात आपण समजतो त्याहून पुष्कळदा आढळतो.

आपल्या देशात हा विचार पुस्तकातून येण्याआधी तारायंत्रातून आला. कलकत्त्याचे डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी प्रारंभीच्या मार्गांवर बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळया वापरल्या. त्या मजबुतीसाठी तर होत्याच, पण जाड वाहकाचा रोध अल्प असल्यामुळे पावसाळी मुलखातल्या सदोष निरोधनातूनही संदेश निभावत असे. याच्या उलट दाखला १८५८ च्या अटलांटिक समुद्रतारेचा. वाईल्डमन व्हाइटहाउस याने संदेश पोहोचत नाहीत म्हणून सुमारे दोन हजार व्होल्टांचा दाब त्या तारेवर लादला, आणि आधीच दुबळी असलेली ती तार काही आठवड्यांत कायमची निकामी झाली. वाटेचा विचार न करता उगम वाढवत नेण्याचा हा परिणाम इतका महाग पडला की १८६१ पासून ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने रोधाचे प्रमाण ठरवण्याचे काम हाती घेतले. १८७० साली मुंबई समुद्रतारेने एडनमार्गे सुएझला जोडली गेली ती या नव्या मापनशिस्तीच्या बळावर. आणि १८८१ च्या पॅरिस परिषदेने व्होल्ट, अँपिअर आणि ओहम ही तीन नावे जगभर कायम केली.

आता त्या चौकस मुलाच्या प्रश्नाकडे वळता येईल. १८४० च्या सुमारास जूलने सिद्ध केले की तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. डहाणूच्या एका संचाची क्षमता २५० मेगावॅट. ती २२० किलोव्होल्टांवर पाठवली तर तिन्ही तारांतून प्रत्येकी सुमारे साडेसहाशे अँपिअर वाहतात. तीच शक्ती घरगुती वितरणाच्या ४१५ व्होल्टांवर पाठवू म्हटले तर सुमारे साडेतीन लाख अँपिअर लागतील, म्हणजे पाचशेतीस पट धारा आणि त्याच तारेत पावणेतीन लाखांहून अधिक पट नुकसान. अशी तार जगात नाही. मीरा रोड आणि भाईंदर स्थानकांवरून धावणाऱ्या लोकलनेही हाच धडा गिरवला: १९३६ साली बोरिवलीपासून विरारपर्यंत विद्युतीकरण झाले ते १५०० व्होल्टांवर, आणि २०१२ साली चर्चगेट ते विरार हा सारा मार्ग २५ हजार व्होल्टांवर गेला. तेवढ्याच शक्तीसाठी धारा सुमारे सतराव्या हिश्शावर आली.

दाबाच्या या गणिताने दूरचे डोंगर शहराच्या आवाक्यात आणले. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, आणि त्याच सामर्थ्याच्या पुढच्या पावलावर मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. १९२१ चा सत्याग्रह सेनापती बापटांच्या नावाने आपण ओळखतो. डहाणूलाही चिकूच्या बागायतीच्या चिंतेने औष्णिक केंद्राला विरोध झाला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. घोडबंदरला उतरणाऱ्या विजेचा जमाखर्च मांडताना ही पदे गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

घराच्या भिंतीआडही हाच हिशेब चालतो. गिझरच्या वाटेवर एखादा सैल सांधा अर्ध्या ओहमचा झाला आणि त्यातून पंधरा अँपिअर वाहू लागले, तर दाब साडेसात व्होल्टांनीच घटतो, जे कोणाच्या लक्षातही येत नाही; पण त्या शेंगदाण्याएवढ्या जागेत शंभराहून अधिक वॅटची उष्णता साठत राहते, आणि फ्यूज उडत नाही, कारण धारा वाढलेली नसतेच. आगी लागतात त्या अशा ठिकाणी. मनुष्यदेहाची गोष्ट अधिक गंभीर आहे. हेन्री कॅव्हेंडिशने ओहमच्या कितीतरी आधी स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या झटक्याच्या तीव्रतेवरून वाहकांची तुलना केली होती आणि तो या नियमाच्या अगदी जवळ पोहोचला होता; पण ती टिपणे त्याच्या दप्तरातच राहिली आणि मॅक्सवेलने ती १८७९ साली प्रसिद्ध केली. कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो. कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी तो हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो, आणि २३० व्होल्टांना तेवढ्यातून २३० मिलिअँपिअर वाहतात. घरातले गळतीरक्षक उपकरण ३० मिलिअँपिअरला मंडल तोडते ते याचसाठी. नव्या बांधकामांत ते बसवतात, जुन्या चाळींत आणि खाडीकाठच्या घरांत ते बसवून घेणे ही चैनीची बाब मानू नये.

विचार मात्र ओहमपाशी थांबलेला नाही. प्रत्यावर्ती धारेच्या लांब वाहिन्यांत नुसता रोध पुरत नाही हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेव्हिसाइड आणि स्टाइनमेट्झ यांनी दाखवले. आणि आज मीरा-भाईंदरच्या इमारतींत जे एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टरवर चालणारे एसी लागलेले आहेत, ते ओहमच्या सरळ प्रमाणात वागतच नाहीत: जुना तापदीप दाब घटला की कमी धारा घेई आणि मंद होई, तर ही उपकरणे ठरलेली शक्ती घेत राहण्यासाठी दाब घटताच अधिक धारा ओढतात. मे महिन्याच्या रात्री सारे एसी एकदम चालू असताना दाब खाली आला, तर जुन्या मंडलात भार आपोआप हलका होत असे. नव्या मंडलात तो वाढतो, दाब आणखी खाली ओढतो, आणि उपकेंद्रातल्या माणसाला तो वेळीच सावरावा लागतो.