मूठ कोणाच्या खाती?

आमचे अकोल्याचे साडू फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याजवळ परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, 0.32 बोअर. ते चालवताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही, पुसताना मात्र सगळ्या गोतावळ्यानं पाहिलंय. गेल्या वर्षी त्याची प्लॅस्टिकची मूठ त्यांना खुपू लागली.

"साडूभाऊ, हातात धरली का पिचकारी धरल्यावानी वाटते. आता लाकडाची करतो, अन् घरीच करतो."

लाकूड मी अमरावतीहून न्यायचं ठरलं. आमच्या गल्लीत एक जुना वाडा पाडत होते. त्याच्या दाराच्या चौकटीचा वीतभर सागवानी तुकडा पिशवीत टाकला आणि बडनेऱ्याला गाडीत बसलो. मूर्तिजापूरपर्यंत तो तुकडा चौकटच होता. अकोल्यात साडूंनी रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे तीनदा पाहिलं, जुनी मूठ उतरवून पुठ्ठ्यावर तिचा आकार काढला, रेषा लांबीला धरून दोन चकत्या कापल्या आणि कानशीनं त्यांना पोट देत बसले. स्क्रूचं भोक पाडलं, पॉलिश पेपर मारला. मग जवसाचं तेल. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणून पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. महिनाभर हेच. माझ्या मेहुणीनं त्या महिन्यात जवसाची चटणी केली नाही. घरात तोच वास पुरे होता.

साडूंनीच मला 1959 चा शस्त्र कायदा दाखवला. त्यात हत्याराच्या व्याख्येत हत्याराचे भागही येतात. लाठी आणि साधी हातकाठी मात्र केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू म्हणून वगळल्या आहेत. (धुऱ्याच्या भांडणात आमच्याकडे जी डोकी फुटतात, ती या घरगुती वस्तूनंच फुटतात, पण ते असो.) मला प्रश्न पडला तो वेगळाच. चौकट होती तोवर ते लाकूड होतं. मग कानशीच्या कितव्या घासण्याला ते हत्यार झालं?

"मुठीतून गोळी निंगते काय?" साडू म्हणाले.

निघत नाही, खरंय. पण आमच्या म्हणीत पात्याला कोणी बोल लावत नाही. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणतात. लोखंड परकं, दांडा झाडाच्याच घरचा, म्हणून बिचाऱ्यावर खापर. दांडा तासणाऱ्या सुताराबद्दल म्हण अवाक्षर काढत नाही. मी कॉमर्सचा माणूस. एक बाजू नावे टाकली की दुसरी कुठे जमा केली, हे विचारल्याशिवाय मला झोप येत नाही.

मूठ झाली मात्र फार देखणी. हातात घेतली तर तळव्याला कुठे टोचेना, बोटं आपोआप जागेवर जाऊन बसली. मी ती लगेच खाली ठेवली. पिचकारी धरल्यासारखं वाटत होतं तेव्हा निदान हाताला थोडा संकोच तरी होता. चांगल्या मुठीचं काम तो संकोच घालवणं, एवढंच असतं. साडूंना मी हे बोललो नाही. ते परवान्याचे मालक आणि माझ्यापेक्षा वडील.

पुढच्या सोमवारी बँकेत थकीत पीककर्जाच्या नोटिसा निघाल्या. मजकूर वरून येतो, सही साहेबांची. माझ्याकडे फक्त पाकिटावरचे पत्ते. चार दिवसांनी एक म्हातारे शेतकरी पाकीट घेऊन काउंटरला आले. नोटीस वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. 'आपणांस सविनय कळविण्यात येते की' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. जप्तीचं वाक्य मधे होतं, तेही फार अदबीचं.

"हे कोनं लेहलं?"

मी साहेबांच्या केबिनकडे बोट केलं. केबिनमध्ये विचारलं असतं तर तिथून नागपूरकडे बोट गेलं असतं. म्हाताऱ्यांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी पाकीट उलटं करून पत्ता न्याहाळला.

"मंग हे?"

"ते माझं."

"साहेब, अक्षर मोठं साजरं हाये तुमचं," ते म्हणाले, आणि पाकीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं.