काठावरचा प्रबंध

गोंदिया जिल्ह्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. धरणात पाणी किती, हे पट्टीवर वाचता येते. पीएच.डी.चा प्रबंध किती भरला, हे सांगणारी पट्टी मात्र कुणाकडेच नाही.

समजा, या जलाशयावर पोट असणाऱ्या ढिवर मासेमारांवर एखाद्या मुलाने प्रबंध लिहिला. घराण्यात शिकलेला तो पहिलाच. होड्या, जाळी, मासळी यांच्या नोंदी त्याने इमानदारीने घेतल्या. पण विवेचन तोकडे, भाषा अडखळती. परीक्षकाने काय करावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासतात. एकाने नाकारला तर तो पर्यायी परीक्षकाकडे जातो. 2018 च्या नियमांनी उचलेगिरीची टक्केवारीही ठरवली: 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, 60 च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. पण साम्य मोजता येते, विचार मोजता येत नाही. तिथे परीक्षकाचा विवेकच लागतो.

‘गरिबाचे पोर आहे, जाऊ द्या’ ही दया वाटते. खरे तर ती अवहेलना आहे. याला यापेक्षा जास्त जमणार नाही, असे आपण मनोमन ठरवून टाकलेले असते. शिवाय या सवलतीची किंमत उद्या त्याच वस्तीतला खरा अभ्यासक मोजतो. त्याच्याही पदवीकडे लोक संशयाने पाहतात. उलट, भाषा अडखळते किंवा निष्कर्ष आपल्याला रुचत नाहीत म्हणून नाकारणे हाही इन्साफ नव्हे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1922 साली रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनमध्ये सादर केला. 1923 च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. निष्कर्ष न सोडता त्यांनी तो नव्याने मांडला, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपले मतभेद उघड नोंदवले आणि मांडणीतल्या ताजेपणाची कदरही केली. मत पटणे वेगळे, काम कसाला उतरणे वेगळे. हा फरक कॅनन यांना कळत होता.

काठावरच्या प्रबंधाला म्हणून तीन प्रश्न विचारावेत. काम त्याचे स्वतःचे आहे का? त्यातून आजवर ठाऊक नसलेले काही हाती लागते का? आपल्या दाव्याची मर्यादा त्याला कळते का? तिन्हींना ‘हो’ असेल तर बाकीचे दुरुस्त होऊ शकते.

मंजूर करायला एक ओळ पुरते, नाकारायलाही एकच. ‘दुरुस्त करून आणा’ म्हणणाऱ्याला मात्र पानोपानी काय चुकले ते लिहावे लागते. परीक्षकाची अमानत त्या पानांत असते.