बटणामागचे निर्णय

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. दागेरची छायाचित्रणाची प्रक्रिया पॅरिसमध्ये जाहीर होऊन तेव्हा जेमतेम 16 वर्षे झाली होती. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ थाटला. फोटो काढायला कॉलेज कशाला, असे त्या काळी कोणी विचारले असेल असे वाटत नाही. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि लेप ओला आहे तोवरच चित्र घेऊन, धुऊन मोकळे व्हायचे. मुंबईच्या उन्हाळ्यात लेप वाळायला कितीसा वेळ लागणार! शिकल्याशिवाय हे जमणारेच नव्हते.

आज तो प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष फोटो आता कोणीही, अंधारातसुद्धा, काढू शकतो. मग तीन-चार वर्षे आणि लाखभर रुपये कशासाठी घालवायचे? कॉलेजने फक्त कॅमेरा चालवायला शिकवायचे असेल, तर खरोखरच घालवू नयेत.

छायाचित्रण सोपे झाले ते काही मोबाइलमुळे नव्हे. कोडॅकने 1888 मध्ये जो कॅमेरा बाजारात आणला, त्यात 100 फोटोंचा रोल आधीच भरलेला असे. रोल संपला की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. तिकडून तयार फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत येई. बटण तुम्ही दाबा, बाकीचे आम्ही पाहतो, असे कंपनीचे सांगणे होते. ग्राहकाने ते आनंदाने मान्य केले आणि त्यात गैर काही नव्हते. पण त्या दिवसापासून फोटोतले बहुतेक निर्णय फोटो काढणाऱ्याच्या हातून निसटत गेले. ते कोणते, ते कोण घेतो आणि ते परत आपल्या हाती कसे घ्यायचे, हे समजणे म्हणजे माझ्या मते छायाचित्रणाचे शिक्षण. पारंपरिक, डिजिटल आणि प्रयोगशील हे अभ्यासक्रमातले तीन भाग म्हणजे त्याच प्रश्नाला भिडण्याच्या तीन वाटा आहेत.

पारंपरिक भागाबद्दल बोलताना माणसे हळवी होतात. लाल दिवा, चित्र पक्के करणाऱ्या हायपोचा वास, ट्रेमध्ये हळूहळू उमटणारे चित्र. या हळवेपणाने डार्करूमचे नुकसानच केले आहे. तिचा उपयोग रोकडा आहे. एन्लार्जरखाली कागद ठेवल्यावर किती सेकंद प्रकाश द्यायचा, हे कोणीतरी ठरवावेच लागते. टेस्ट स्ट्रिप काढायची, पाहायची, पुन्हा ठरवायचे. आकाश पांढरे पडत असेल तर तेवढ्याच भागाला जास्त प्रकाश द्यायचा. चेहरा काळवंडत असेल तर त्यावर हाताची सावली धरायची. एकाच निगेटिव्हमधून दहा वेगळी चित्रे निघतात आणि त्यातले खरे कोणते, या प्रश्नाला उत्तर नसते. फोटो ‘जसे होते तसे’ दाखवतो हा भ्रम पहिल्या आठवड्यात फुटतो. फोटोशॉपमध्ये फोटो उजळ-गडद करण्याच्या साधनांची चिन्हे पाहा: एक काडीला लावलेली चकती, दुसरा मुडपलेला हात. डार्करूममधून थेट उचललेली. संगणक आल्यावर फोटोत फेरफार होऊ लागले असे म्हणणाऱ्याला ही दोन चिन्हे दाखवावीत.

डिजिटल भाग सर्वांत सोपा वाटतो आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत अवघड आहे, कारण तिथले निर्णय डोळ्यांना दिसत नाहीत. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या चौकोनांची जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी 1970 च्या दशकात ती रचली. प्रत्येक बिंदूवर एकच रंग मोजला जातो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढले जातात. म्हणजे फोटोतल्या रंगांचा दोन-तृतीयांश भाग हा मुळात अंदाज असतो. मोबाइल याच्याही पुढे जातो. एका बटणात अनेक फोटो घेतो, त्यांतले बरे भाग एकत्र करतो, सावल्या उचलतो, चेहरा ओळखून तो गुळगुळीत करतो. विद्यार्थी म्हणतो, मी काढला. त्याने किती काढला आणि फोनने किती, हे त्याला सांगता येत नसेल तर त्याचे शिक्षण अजून व्हायचे आहे.

हे अंदाज तटस्थ नसतात, हे आपल्याइतके कोणाला कळायला हवे? रंगीत फिल्मच्या काळात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमध्ये छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅकचे एक नमुनाचित्र वापरत. त्यात गोऱ्या बाईचा चेहरा असे. ती नीट दिसली की यंत्र नीट लागले, असा हिशेब. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्या रसायनात हरवत. पुढे फिल्म सुधारली, त्यात तपकिरी रंगाच्या छटा नीट येत नाहीत या चॉकलेट आणि फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचाही वाटा होता. आज ‘ब्यूटी’ नावाचे बटण दाबल्यावर आपल्या मुलींचे चेहरे दोन छटा उजळतात, तेव्हा तेही कोणीतरी, कुठेतरी बनवलेले मतच असते. डिजिटल छायाचित्रण शिकवणाऱ्याने मेनू पाठ करून घेण्यापेक्षा ही मते उघडी पाडायला शिकवावे.

आणि प्रयोग? आपल्याकडे प्रयोगशील म्हणजे काहीतरी धूसर, वाकडे, न कळणारे, असा समज आहे. त्यावर दादासाहेब फाळके हे चांगले उत्तर आहे. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचे कलाभवन, अशा शिक्षणातून गेलेले फाळके कॅमेरा, रसायने, छपाई हे सगळे हाताने शिकले होते. चित्रपटासाठी भांडवल मिळेना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. डोळ्याला कधीच न दिसणारी गोष्ट पडद्यावर दिसली आणि पैसे उभे राहिले. पुढच्याच वर्षी, 1913 मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’ आला. कॅमेरा नेहमी ज्या वेगाने चालतो तो वेग का मानायचा, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला होता. प्रयोग म्हणजे यंत्राने गृहीत धरलेली एक गोष्ट न मानणे. त्यासाठी आधी ते गृहीत काय, हे ठाऊक असावे लागते. म्हणून पायाशिवाय केलेला प्रयोग बहुधा अपघात ठरतो, आणि प्रयोगाशिवायचा पाया नुसती कारागिरी.

यावर रास्त आक्षेप आहेत. फिल्म महाग झाली आहे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल आता इतिहासजमा झाला. विद्यार्थ्याला पुढे लग्नाचे, जाहिरातीचे काम मिळवायचे असते, त्याला हायपो काय कामाचा? पहिल्याला उत्तर सोपे आहे. जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेल्या सायनोटाइपला लोहाचे दोन क्षार, कागद, ऊन आणि साधे पाणी पुरते. दुसऱ्याच वर्षी ॲना अॅटकिन्स यांनी त्याच पद्धतीने, कॅमेरा न वापरता, शैवालांच्या ठशांचे पुस्तक छापायला घेतले. ऊन तर आपल्याकडे ढीगभर आहे. सोलापूर-जळगावच्या कॉलेजला परवडणार नाही असे यात काही नाही. दुसरा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. नोकरी हवीच. पण नुसते निर्दोष फोटो काढणाऱ्याची गरज यंत्राने आधीच कमी केली आहे. 2023 मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले चित्र सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेत पाठवले, ते एका विभागात निवडले गेले आणि त्याने तो पुरस्कार नाकारला. कॅमेऱ्याशिवाय फोटो बनत असताना टिकेल तो आपल्या चित्राची जबाबदारी घेऊ शकणारा.

तेव्हा कॉलेजांनी परीक्षेची पद्धत बदलावी. वर्षाअखेरीस वीस देखण्या फोटोंची फाइल मागण्याऐवजी एकच फोटो मागावा आणि विद्यार्थ्याला समोर बसवून विचारावे: यातले काय तू ठरवलेस, काय यंत्राने ठरवले, आणि यंत्राचे तू का मान्य केलेस? ज्याला याचे उत्तर देता येईल त्याला पदवी द्यावी. बाकीच्यांना कॅमेरा येतो, छायाचित्रण अजून शिकायचे आहे.